दादाचा खाली बघणारा कॅमेरा

दादाच्या दुकानात कुणी जोडे घ्यायला आलं की दादा त्याच्या तोंडाकडे बघायचाच नाही. आधी पाय. बसा म्हणायच्या आत त्याने टाच कुठे झिजलीय आणि अंगठा कुठे टोचतोय हे ताडलेलं असायचं. "तोंडं काय गं, दुकानात शिरताना सगळ्यांची सारखीच असतात," असं तो चिमणीला सांगायचा. चिमणी म्हणजे त्याची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी दादाच्या तोंडी ती चिमणीच राहिली आणि त्याच्यामुळे सगळ्या घरादाराच्याही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता दादा खुर्चीतून कलला. हातपाय हळूहळू पुन्हा कामाला लागले, उजव्या हाताची थोडी कुरबुर सोडली तर. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, शब्द सगळे आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बुजलीय. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं, तो माणूस आता खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून राहायचा, आणि सगळे त्याच्या डोक्यावरून बोलायचे. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, सवयच तशी पडून गेली होती. "यांना आता चहा द्यावा का गं?" वहिनी चिमणीला विचारायच्या. "द्या की. दुपारी झोपला होता का तो?" चिमणी वहिनींना विचारायची. मध्ये दादा बसलेला असायचा, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. वयाने लहान, पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या. एक दिवस जाताना त्या दारात थांबल्या. "त्यांचा स्वतःचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला असेल तर शोधा. भाषण वगैरे नको. घरातलं, रोजचं, छोटं छोटं बोलणं. आपलंच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं की कधीकधी तोंडाला जुनी वाट सापडते. सापडेलच असं मी म्हणत नाही. पण जे करायचं ते लवकर करा. फार लांबलं की माणूस प्रयत्न करायचंच सोडून देतो."

हे शेवटचं वाक्य चिमणीच्या काळजात रुतलं, कारण दादाने सोडायला सुरुवात केली होती. आधी तो निदान ओठ हलवायचा, घशातून काहीतरी ओढून आणायचा, नाही जमलं की मूठ आपटायचा. हल्ली तो मूठही आपटत नव्हता. शहाण्या मुलासारखा गप्प बसून राहायचा, आणि चिमणीला त्या शहाणपणाची धास्ती वाटायची.

आवाज कुठे सापडेल हे काही कुणाला विचारावं लागलं नाही. दादाकडे कॅमेरा होता. तळहातात मावेल एवढा, मनगटाला पट्टा असलेला. त्याने तो घेतला तेव्हा तशी चीज गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. "हाय डेफिनिशन आहे, हाय डेफिनिशन!" असं तो येणाऱ्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, बिचारं गिऱ्हाईक एक पाय बुटात आणि एक पाय हवेत अशा अवस्थेत मान डोलवायचं. बाहेर कुठेही निघालं की कॅमेरा मनगटात. कार्ड भरलं की ते जोड्यांच्या रिकाम्या खोक्यात. "एकदा बसून सगळं नीट जोडायचंय, मग दाखवतो," असं म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि त्याने काय काय टिपलंय ते घरातल्या कुणीही कधी बघितलं नाही.

वहिनींनी कपाटातून खोकी काढून दिली. त्यांच्यावर अजून मापं लिहिलेली होती. चिमणी ती छातीशी धरून आपल्या घरी घेऊन आली.

आता एवढं सगळं बघायचं, कापायचं, जोडायचं, म्हणजे त्यासाठी सॉफ्टवेअर हवं. तिने भाच्याला, दादाच्या मुलाला, फोन लावला. तो दूर नोकरीला होता आणि कायम घाईत असायचा.

"आत्या, कुठलंही घे गं. सगळी सारखीच असतात."

"पाणीसुद्धा सगळं सारखंच दिसतं, बाळा," चिमणी म्हणाली.

तिला हे म्हणायचा हक्क होता. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागल्यापासून होती. काचेच्या बाटल्या, पांढऱ्या फरशा, नळाखाली धरलेला हात. वरून निर्मळ दिसणाऱ्या पाण्याने किती वेळा दगा दिला होता, ते तिलाच ठाऊक. तेव्हा सॉफ्टवेअरचंही तिने तेच करायचं ठरवलं. एकच नमुना घ्यायचा, तो सगळ्या बाटल्यांत घालायचा आणि कुठली बाटली काय करते ते बघत बसायचं.

त्याआधी ती कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे जाऊन आली. तो दादाचा जुना दोस्त, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना समोरच्याची कॉलर सरळ करायची खोड.

"कार्डाला हात लावायच्या आधी त्याची अख्खी नक्कल करून ठेवा," तो म्हणाला. "अख्खी म्हणजे अख्खी, आतल्या फोल्डरांसकट. हा कॅमेरा लांबलचक चित्रीकरणाचे आपल्या मनाने तुकडे पाडतो. तुम्ही नुसते तुकडे उचललेत तर सांध्यावर एखादा शब्द गिळला जातो."

एखादा शब्द! इथे एकेका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता.

"आणि एक सांगून ठेवतो," स्टुडिओवाला हसू दाबत म्हणाला, "दादांनी मला एकदा काहीतरी दाखवलं होतं. अर्ध्या मिनिटात गरगरायला लागलं. तोंडावर पाणी मारून घ्यावं लागलं मला."

चिमणीने ते हसण्यावारी नेलं. तिथेच तिची पहिली चूक झाली, पण ते नंतर.

नमुना म्हणून तिने एक सुंदर तुकडा निवडला. झाडाखाली वहिनी संत्रं सोलतायत. वाऱ्याने केस गालावर येतायत, त्या मनगटाने ते मागे सारतायत, आणि पानांमधून ऊन त्यांच्या मांडीवर सांडतंय. मिनिटभराचंच दृश्य. वहिनी तेव्हा किती तरुण होत्या! चिमणी रोज दुपारी कामावरून आली की पडदे ओढून घ्यायची आणि ते संत्रं नव्या सॉफ्टवेअरच्या पुढ्यात ठेवायची.

पहिल्याचं नाव तिने हौशी ठेवलं. त्याने संत्र्यावर सोनेरी चुरा उधळला, पान उलटावं तसं चित्र उलटवलं, कुठूनसं संगीत आणून ओतलं, आणि सगळं झाल्यावर वहिनींच्या कपाळावर स्वतःचं नाव आडवं लिहून मोकळा झाला. दुसरा रुसका. दिसायला राजबिंडा, पण जरा दोन गोष्टी एकदम सांगितल्या की पडदा पांढरा करून निघून जायचा. परत यायचा तेव्हा आधीचं काही आठवत नसायचं, आणि आपली चूक असल्याची चिन्हं तोंडावर नसायची. तिसऱ्याचा आवाज चित्राच्या मागे रेंगाळायचा. संत्र्याची साल सुटायची, वहिनी फोड तोंडात टाकायच्या, आणि मग कुठे साल सुटल्याचा आवाज यायचा. बघता बघता चिमणीला वाटायचं, आपणही अशाच कशाच्या तरी थोड्या मागे राहिलोय. चौथा अगदीच म्हातारा होता. करड्या रंगाचा, बटणं बारीक, विचारल्याशिवाय काही बोलणार नाही. त्याचं ते उदास रूप बघून तिने त्याला पुरतं तपासलंसुद्धा नाही.

ते दिवस तिला नंतर आठवले ते एका लांबच लांब दुपारसारखे. बाहेर रस्त्यावरून सायकली जायच्या, त्यांच्या सावल्या पडद्यावरून सरकायच्या, आणि आत तेच ऊन पुन्हा पुन्हा त्याच मांडीवर सांडायचं. प्रयोगशाळेत बाटली उजेडात धरली की तिला पाण्यात पानांची नक्षी दिसायची. एकदा तर बोटांना संत्र्याच्या सालीचा वास आला, आणि घरात संत्रं नव्हतं.

आणि मग आला शहाणा. त्याने अख्खं कार्ड फोल्डरांसकट उचललं, तुकडे असे सांधले की सांधा कुठे आहे ते तिला सापडेना. आवाज ओठांना धरून. एकदाही रुसला नाही. वर आपण होऊन म्हणाला, की सगळी कार्डं द्या, मी चांगलं चांगलं निवडून चित्रपट करून देतो. चिमणीने संत्रं त्याच्यातून पुन्हा एकदा पाहिलं. इतकं स्वच्छ, की वहिनींच्या नखाखाली अडकलेला सालीचा कणही दिसत होता.

"हाच," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली, आणि सगळी खोकी शहाण्याच्या हवाली केली.

शहाण्याने केलेला चित्रपट घेऊन ती दादाकडे गेली. वहिनींनी पडदे ओढले, दादाची खुर्ची टीव्हीकडे वळवली. समुद्र दिसला. मुलं वाळूत पळाली. वहिनी संत्रं सोलत होत्या. भाचा पहिल्यांदा सायकलवर बसला, पडला, उठला. सगळं कसं देखणं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. वहिनींचे डोळे भरून आले. पण चिमणीचा जीव कानांत आला होता. ती ऐकत होती, आणि त्या देखण्या चित्रपटात दादाचा एक शब्द नव्हता. एक उसासासुद्धा नाही. सगळे बोलत होते, हसत होते, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होते, आणि कॅमेऱ्यामागे जणू कुणीच उभं नव्हतं.

"यांचा आवाज कुठेय गं?" वहिनींनी विचारलं. मग त्यांनाच आठवलं. "अगं हो! शूटिंग करताना हे तोंडच उघडायचे नाहीत. मधे बोललं की फिल्म खराब होते, असं कुणीतरी यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. श्वाससुद्धा रोखून धरायचे. मी म्हणायचे, एखाद्या दिवशी चक्कर येऊन पडाल."

दादाने सगळं बघितलं. संपल्यावर त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, परक्याच्या घरी अल्बम बघून झाल्यावर असतं तेवढंच होतं. चिमणी घरी आली आणि चप्पल न काढता पलंगावर बसून राहिली. उन्हं तापायला लागली होती. आता त्या बाईंना काय सांगायचं? ज्या माणसाच्या बोलण्याने दुकान भरलेलं असायचं, त्याने नेमकं जपून ठेवायच्या वेळी तोंड मिटून घेतलं होतं. तिला दादाचा राग आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे नमुने गोळा करायचं काम होतं. टाकीपासून निघालेल्या जलवाहिनीच्या अगदी टोकाला, शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरामागे एक नळ होता. तिथे एक मांजर कायम झोपलेलं असायचं. चिमणी नेहमी तिथलंच पाणी घ्यायची. नवीन लागलेल्या प्रत्येकाला ती हेच शिकवायची, की टाकीपाशी बाटली भरू नका, तिथलं पाणी चांगलंच असतं. जिथे पाणी पोचता पोचता दमतं, तिथे तपासा.

तिने नळ सोडला, थोडं पाणी वाहू दिलं, बाटली खाली धरली. मांजराने एक डोळा उघडला. आणि बाटली भरून वाहायला लागली तरी चिमणी तशीच वाकून राहिली.

आपण टाकीपाशी बाटली भरली. सगळ्यांत नितळ तुकडा घेतला, संत्र्याचा, आणि तो कोण नीट सांभाळतो ते बघत बसलो. नितळ ते कुणीही सांभाळेल. गढूळ कुठे गेलं? स्टुडिओवाल्याला गरगरवणारं ते काय होतं, आणि ते शहाण्याने नेलं कुठे?

त्या दिवशी काम उरकून ती जवळजवळ पळतच घरी आली. शहाण्याच्या पोटात बोट घालून शोधत गेली. आत, फार आत, एक ओळ सापडली: निरुपयोगी दृश्ये आपोआप वगळा. पुढे बरोबरची खूण, तिने न करताच झालेली. तिने ती काढून टाकली, आणि कार्डांवरचं सगळं एकदम पडद्यावर लोटलं.

पाय. नुसते पाय.

बूट, चपला, सँडल, अनवाणी पावलं. गवत झुलतंय, वाळू वर येतेय आणि खाली जातेय, फरशीचे चौकोन वाहत चाललेत, एखाद्या डबक्यात आभाळ उलटं पडलंय. आणि या सगळ्याच्या वर, कानाशी बसून बोलावं इतक्या जवळून, दादा. "झालं! घेतलं मी सगळ्यांना. मस्त आलंय."

चिमणीला काय घडलं होतं ते हळूहळू उमगलं, आणि हसता हसता तिची पुरेवाट झाली. दादा जवळचा चष्मा लावायला कायम नाक मुरडायचा, म्हातारं दिसतं म्हणून. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरचा लाल ठिपका त्याला दिसायचाच नाही. बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मध्येच कधीतरी एक दाबणं चुकायचं, आणि मग सगळा दिवस उलटा व्हायचा. माणसं रांगेत उभी राहून हसायची तेव्हा कॅमेरा झोपलेला. दादा "झालं" म्हणून बटण दाबायचा, कॅमेरा मनगटाला लोंबकळत ठेवायचा, आणि तेव्हा तो जागा व्हायचा. खाली बघत, दादाच्या चालीबरोबर झुलत, सगळं टिपत. शूटिंग संपलंय म्हटल्यावर दादाला बोलायला बंदी नव्हती. रोखून धरलेलं सगळं बोलणं तो या वेळेत बोलून घ्यायचा.

"चिमणे, चप्पल घाल, काटे आहेत." "पाणी कुठे ठेवलंस गं?" "याच्या बुटाचा सोल बघ, डावीकडे खाल्लाय. हा माणूस पाठदुखीने मरणार आहे." "ऊन बघ काय पडलंय. काय ऊन पडलंय!"

कधी संध्याकाळचं चित्र असलं की गवतावर दादाची सावली यायची. लांबलचक, बारीक पायांची, मनगटाशी कॅमेऱ्याचा गोळा. स्वतःच्या सिनेमात दादा एवढाच दिसत होता. ती सावली पुढे पुढे चालायची आणि बोलत राहायची.

शहाण्यालाच पुन्हा कामाला लावावं, असं चिमणीला वाटलं. पण या खेपेला ती टोकाच्या नळाशी होती. तिने सगळ्यांत गढूळ, सगळ्यांत हिंदकळणारा तुकडा घेतला आणि तोच पुन्हा सगळ्यांना दिला. शहाण्याला हिंदकळणं बघवेना. त्याने चित्र घट्ट धरायचा प्रयत्न केला, तर गवत चिकट होऊन डुचमळायला लागलं. वाऱ्याचा आवाज पुसायला गेला तर दादाचा आवाजही पुसट झाला, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. रुसका चक्क निघून गेला. हौशीने बुटांवर सोनेरी चुरा उधळला. तिसऱ्याचा आवाज पावलांच्या मागेच रेंगाळला.

राहिला म्हातारा. करडा, अबोल. त्याने तुकडा घेतला आणि होता तसा समोर ठेवला. काही सुधारलं नाही, काही वगळलं नाही. कुठे कापू, एवढं विचारलं. तिने सांगितलं तिथे कापलं, आणि कापलेलंही फेकून न देता बाजूला जपून ठेवलं. चिमणीने तीन-चारदा त्याला चकवायला बघितलं, घाई केली, चुका केल्या, मधेच वीज बंद केली. परत चालू केल्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. देखणेपणाला भुलून आपण याला दारातूनच परत पाठवत होतो, याची तिला लाज वाटली.

मग सुरू झाल्या दुसऱ्या दुपारी. पडदे ओढलेल्या खोलीत ती दादाची वाक्यं वेचत बसायची. पायांचे रस्ते तिच्यापुढून वाहत जायचे. ती त्यांच्यातून चालत जायची, आणि कधी डोळा लागला तरी दादा कानाशी बोलतच असायचा, त्यामुळे जागेपण कुठे संपलं ते कळायचं नाही. एका वाक्यापाशी मात्र ती थांबली. बाग होती. वहिनींचा तरुण आवाज लांबून आला: "अहो, तुम्हीपण या ना आमच्यात! कायम आपले कॅमेऱ्यामागे. उद्या कुणी बघेल तर म्हणेल, तुम्ही आलाच नव्हतात." आणि अगदी जवळून, हसत, दादा: "अगं, मी आहे की इथेच."

पुढे समुद्रावर भाचा ओरडला, "बाबा कुठे गेले?" "मी आहे की इथेच." स्टेशनवर सामानाच्या गर्दीत चिमणीचाच घाबरलेला आवाज, "दादा? दादा!" "अगं चिमणे, मी आहे की इथेच." वर्षं वेगळी, जोडे वेगळे, वाक्य तेच. चिमणीने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पोटभर रडून घेतलं. किती दिवस झाले, आपण त्याच्याशी बोललोच नाही. त्याच्याविषयी बोललो.

चित्रपट तयार झाला तेव्हा उकाडा सुरू झाला होता. वहिनींनी पडदे ओढले, खुर्ची वळवली. पहिलेच तपकिरी बूट पडद्यावर आले तशा त्या गोंधळल्या.

"हे काय गं? पायच दिसतायत नुसते."

"बघा तर," चिमणी म्हणाली.

दादा पुढे झुकला. डावा हात उचलून त्याने त्या तपकिरी बुटांकडे बोट दाखवलं, आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. हसण्याचा. ते बूट स्टुडिओवाल्याचे होते, टाच बाहेरून झिजलेली. मग लाल सँडल आली, दादाने वहिनींकडे बोट केलं. चट्ट्यापट्ट्यांचे छोटे बूट आले, तो खिडकीबाहेर, दूर, भाचा होता त्या दिशेला बघू लागला. एकही चेहरा नव्हता आणि त्याला सगळे ओळखू येत होते. त्याचा आवाज खोलीत भरून राहिला. ऊन बघ काय पडलंय. चप्पल घाल. पाणी कुठे ठेवलंस गं? दादाचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण ओठ हलत होते, आणि चिमणी पडद्याकडे बघायचं सोडून त्या ओठांकडे बघत होती.

चित्रपट पुन्हा लावला. पुन्हा लावला. दुपार कलली. दादा आता नुसता बघत होता, ओठही थांबले होते. पडद्यावर शेवटचं गवत आलं, लांब सावली, वाऱ्याचा आवाज, बाकी काही नाही.

वहिनींनी सुस्कारा टाकला. चिमणीकडे वळून, दादाच्या डोक्यावरून, हळू आवाजात म्हणाल्या, "कळतंय का गं यांना काही? की नुसतेच बघतायत? कुठे हरवलेत कुणास ठाऊक."

"मी," दादा म्हणाला.

दोघींनी आधी टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर कुणीच बोलत नव्हतं, नुसतं गवत होतं.

दादाने डोळे मिटले. जड पेटी जिन्यावरून चढवावी तसा एकेक शब्द वर ओढला. "मी... आहे... की." कपाळावर घाम आला. मधे इतका वेळ गेला की चिमणीला वाटलं, सुटलं हातातून. मग, "इथेच."

वहिनी उठल्या. उभ्या राहिल्या, काय करावं ते न कळून पदराशी चाळा केला, आणि मग त्याच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या. किती महिन्यांनी त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "अहो, चहा घेणार का तुम्ही?"

चिमणी सवयीने उत्तर द्यायला निघाली होती. तिने तोंड मिटलं आणि वाट बघत बसली.